नाकातली लस आणि पंधरा मिनिटांची मुदत

फ्लू, गोवर, डांग्या खोकला, कोविड हे सगळे शरीरात शिरतात नाकातोंडाच्या वाटेनं, आणि त्यांच्यावरची लस मात्र आपण बहुतेक वेळा दंडात किंवा मांडीत टोचून घेतो. यात वेडेपणा काही नाही. टोचलेली लस रक्तात भरपूर आयजीजी अँटीबॉडी तयार करते, त्या फुप्फुसांपर्यंत पोचतात आणि आजार हाताबाहेर जाऊ देत नाहीत. पण नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर त्यांची हजेरी तुरळकच. तिथं काम करते ती आयजीए नावाची वेगळी अँटीबॉडी. अस्तराखालच्या पेशी ती बनवतात, दोन-दोन रेणू जोडलेल्या अवस्थेत ती अस्तरातून पलीकडे सोडली जाते, आणि विषाणू पेशीला चिकटायच्या आधीच त्याला धरते. सुईनं दिलेली लस ही आयजीए फारशी तयार करत नाही. म्हणून लस घेतलेला माणूस गंभीर आजारी पडत नाही, तरी त्याच्या नाकात विषाणू वाढू शकतो आणि शिंकेसरशी दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

हा फरक किती खरा आहे, ते पोलिओनं दाखवून दिलं. तिथं वाट आतड्याची असते, पण तत्त्व तेच. टोचायची पोलिओ लस मुलाला लुळेपणापासून उत्तम वाचवते. आतड्याच्या अस्तरावर मात्र तिचा धाक कमी. 2013 साली इस्रायलमध्ये बहुतेक सगळ्या मुलांना ही लस मिळालेली असतानाही सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा मूळ, निसर्गातला विषाणू सापडत राहिला. एकही मूल लुळं पडलं नाही, पण विषाणू माणसांमाणसांतून बिनबोभाट फिरत होता. शेवटी तोंडातून द्यायचे थेंब पुन्हा आणावे लागले. जंतू ज्या दारानं येतो त्या दारालाच लस दिली, तर तिथला बंदोबस्त वेगळा होतो.

मग नाकातून द्यायच्या लसी इतक्या कमी का? अगदीच नाहीत असं नाही. अमेरिकेत 2003 मध्ये फ्लूमिस्ट ही नाकात फवारायची लस आली, भारतात 2010 मध्ये स्वाइन फ्लूवरची नेझोव्हॅक आली आणि 2022 मध्ये कोविडवरच्या इन्कोव्हॅकला परवानगी मिळाली. पण पहिल्या दोन लसींत दुबळा केलेला जिवंत फ्लू विषाणू आहे आणि तिसरीत चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसचा वाहक म्हणून वापर केला आहे. विषाणूला पेशीत शिरायची कला उपजतच असते, त्यामुळे या लसी नाकातली अर्धी लढाई आयती जिंकतात. तीही दर वेळी जिंकतात असं नाही. वाहक विषाणूवरच बेतलेली ऑक्सफर्डची कोविड लस टोचण्याऐवजी नाकात फवारून पाहिली गेली, तेव्हा स्वयंसेवकांपैकी मोजक्याच लोकांच्या नाकात अँटीबॉडी दिसल्या. 2022 मध्ये ते निकाल आले आणि बऱ्याच जणांचा उत्साह मावळला. शिवाय जिवंत विषाणू प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला किंवा गरोदर स्त्रीला द्यायला डॉक्टर कचरतात. फ्लूमिस्ट तर 2 ते 49 याच वयोगटासाठी आहे.

म्हणून संशोधकांना हवी आहे ती वेगळी गोष्ट: विषाणूचा एखादा प्रथिनाचा तुकडा, किंवा मारून टाकलेला जंतू, जो स्वतःहून काही करू शकत नाही, तो नाकातून देऊन काम झालं पाहिजे. आणि गाडी अडते ती इथंच.

नाकाच्या आतल्या अस्तराचं क्षेत्रफळ मोठ्या माणसात साधारण 150 चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर शेंबडाचा पातळ थर असतो (शास्त्रीय लेखात श्लेष्म म्हणतात, पण वस्तू तीच), आणि त्या थराखाली पेशींवरचे अतिसूक्ष्म केस सेकंदाला दहाएक वेळा हलत असतात. सगळे मिळून तो थर मागे, घशाकडे ढकलतात, मिनिटाला सुमारे 5 मिलिमीटर या वेगानं. धूळ, परागकण, जंतू जे काही चिकटेल ते घेऊन हा सरकता जिना अविरत चालू असतो. आपण ते नकळत गिळतो आणि पुढचं पोट बघून घेतं. नाकात टाकलेल्या साध्या द्रावणापैकी निम्मं सुमारे पंधरा मिनिटांत असंच निघून जातं. बरं, जास्त ओतून भरपाई करावी तर तीही सोय नाही. एका नाकपुडीत नीट मावतं ते 0.1 ते 0.2 मिलिलिटर, त्याहून जास्त झालं की ओठांवर ओघळतं किंवा घशात उतरतं.

पंधरा मिनिटांत काय साधायचं असतं? लसीच्या प्रथिनानं शेंबडाचा थर पार करायचा, मग एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या बसलेल्या पेशींच्या रांगेतून वाट काढायची. लसीची प्रथिनं हजारो, कधी लाखो डाल्टन वजनाची (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). साधारण हजार डाल्टनच्या पुढचे रेणू इथून सहज जात नाहीत. सुदैवानं या रांगेत अधूनमधून एम-पेशी असतात. बाहेरचं काही घ्यायचं आणि खाली बसलेल्या प्रतिकारपेशींच्या हवाली करायचं, हेच त्यांचं काम. माणसात अशा पेशी आणि त्यांच्या खालचा लसिका ऊतींचा साठा नाकाच्या मागच्या बाजूला, टॉन्सिल आणि ॲडेनॉइडच्या कड्यात एकवटलेला असतो. परकं काही पकडून इतर प्रतिकारपेशींना दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशीही आपले फाटे अस्तरातून वर काढून चाचपणी करत असतात.

एवढं करून प्रथिन पोचलंच, तरी एक मेख उरते. नाक दिवसभर परकी प्रथिनं हुंगत असतं. प्रत्येकावर तुटून पडलं तर जगणं मुश्कील होईल, म्हणून तिथली प्रतिकारयंत्रणा मुळात दुर्लक्ष करायला शिकलेली असते. एकटं, विरघळलेलं, निरुपद्रवी दिसणारं प्रथिन आलं की ती त्याला ओळखीचा पाहुणा समजून सोडून देते. काही वेळा तर पुढेही त्याच्याकडे दुर्लक्षच करायचं, असं ठरवून टाकते. लसीसाठी याहून वाईट काही नाही.

सूक्ष्मकणांची कल्पना या सगळ्या अडचणींवर एकदम हात घालते. प्रथिन मोकळं न देता मायक्रॉनच्या मापाच्या कणात भरून द्यायचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिवाणू साधारण एक ते काही मायक्रॉनचे असतात. त्यामुळे त्या मापाचा कण दिसला, की तो गिळून तपासायची डेंड्रिटिक पेशींची सवयच असते. शिवाय एका कणात प्रथिनाच्या हजारो प्रती एकत्र मिळतात. आणि कण ज्या पदार्थाचा बनवायचा, तो चिकट निवडला तर नाकातला मुक्कामही वाढतो.

इथं बायोपॉलिमर येतात, म्हणजे सजीवांनी बनवलेले लांब साखळीचे रेणू. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, स्टार्च, जिलेटिन, हायलुरॉनिक ॲसिड यांचे कण बनवून झाले आहेत. पीएलजीए हे नाव याच संदर्भात सतत ऐकू येतं, पण ते कारखान्यात बनतं. शरीरात विघटित होऊन त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड होतं, म्हणून ते याच पंगतीत बसवतात. सगळ्यांत जास्त कागद मात्र कायटोसाननं खर्ची घातले आहेत.

खेकडे आणि कोळंबीच्या कवचात कायटिन असतं. त्याला तीव्र अल्कलीत उकळून त्यावरचे ॲसिटिल गट काढले की कायटोसान मिळतं. त्याच्या साखळीवर मोकळे झालेले अमाइन गट किंचित आम्लधर्मी द्रावणात धनभारित होतात. नाकातला पीएच 5.5 ते 6.5 च्या आसपास, म्हणजे बरोब्बर सोयीचा. शेंबडातल्या म्यूसिन प्रथिनांवर सायलिक ॲसिडचा ऋणभार असतो. विरुद्ध भार ओढले जातात, कण चिकटतो. त्यातून कायटोसान पेशींमधले घट्ट सांधे थोडा वेळ सैल करतं हेही दिसलं आहे. लिस्बेथ इलम यांच्या गटानं 1994 मध्ये मेंढ्यांच्या नाकातून इन्सुलिन देताना हे दाखवलं आणि तेव्हापासून या पदार्थाचं नशीब फळफळलं. इन्सुलिन लहान आहे, लसीचं मोठं प्रथिन त्याच फटीतून जातं का, याबद्दल मला शंकाच वाटते. लसीच्या बाबतीत कायटोसानचा खरा उपयोग कण धरून ठेवण्याचा आणि प्रतिकारपेशींना डिवचण्याचा असावा.

कण बनवायची एक पद्धत तर प्रयोगशाळेत बघत राहावी अशी आहे. अगदी सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये कायटोसान विरघळवायचं, त्यात लसीचं प्रथिन मिसळायचं, खाली चुंबकी ढवळणी सुरू. द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. मग वरून थेंब थेंब ट्रायपॉलीफॉस्फेटचं द्रावण सोडायचं. पहिल्या काही थेंबांना काहीच होत नाही. एका टप्प्याला नितळ द्रावणात निळसर, दुधाळ झाक येते आणि उजेडासमोर धरलं तर ती चमकते. ऋणभारित फॉस्फेटनं कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या आणि मधे प्रथिन अडकलं, त्याची ती खूण. आणखी थोडं फॉस्फेट जास्त झालं की सगळं गुठळ्या होऊन तळाला बसतं आणि बॅच वाया जाते. यात तापवणं नाही, सेंद्रिय द्रावक नाही, म्हणून नाजूक प्रथिनाला ही रीत मानवते. 1997 पासून ती जगभर वापरात आहे. यातून बहुधा मायक्रॉनहूनही लहान, नॅनोमीटरच्या मापातले कण मिळतात; मोठे हवे असतील तर फवारून सुकवायची पद्धत असते, तिच्याकडे पुढे येऊच.

अल्जिनेटचं गणित उलटं. त्यात कॅल्शियम टाकलं की जेल बनतं, पण नाकातला सोडियम ते कॅल्शियम हळूहळू ढकलून काढतो आणि कण ढिला पडतो. म्हणून अल्जिनेटच्या कणावर बाहेरून कायटोसानचा थर चढवतात. स्टार्चच्या कणांची गंमत निराळी आहे. ते चिकटण्यापेक्षा फुगतात. कोरडे कण अस्तरावर पडले की तिथलं पाणी शोषून जेल होतात, आणि पाणी गेल्यानं खालच्या पेशी जराशा आकसून त्यांच्यातले सांधे काही वेळ उघडतात. साध्या द्रावणाचं निम्मं जिथं पंधरा मिनिटांत गेलं, तिथं स्टार्चच्या 40-60 मायक्रॉनच्या कणांना निम्मं व्हायला तीनेक तास लागले, असं 1980च्या दशकातच माणसांवरच्या मोजणीत आढळलं होतं. पंधरा मिनिटांचे तीन तास म्हणजे केवढी मोठी सवलत.

पण मापाचा प्रश्न आला की धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत होते. श्वासाबरोबर आत आलेले दहा मायक्रॉनहून मोठे कण नाकातच अडकतात. पाचहून लहान असले तर बरेचसे थेट फुप्फुसात जातात. म्हणजे नाकात थांबायला कण मोठा हवा. पेशीला मात्र 40 मायक्रॉनचा गोळा गिळता येत नाही, एम-पेशींना तर मायक्रॉनच्या खालचे कण जास्त आवडतात. यावर एक तोड निघाली आहे: लहान कण साखरेत किंवा दुसऱ्या विरघळणाऱ्या पदार्थात गुंफून मोठा दाणा करायचा, तो नाकात पडून विरघळला की आतले लहान कण मोकळे. कागदावर सुरेख दिसतं, प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला थोडं थोडं प्रथिन खर्ची पडतं.

चिकटपणाचीही तीच तऱ्हा. वर सांगितलेल्या जिन्यालाच कण घट्ट चिकटला तर जिना जिकडे जातो तिकडेच तो जाणार! शेंबडाला धरणं आणि पेशीपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्रातले कित्येक शोधनिबंध पहिली मोजून दुसरी झाली असं गृहीत धरतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका गटानं 2007 मध्ये नेमका उलटा रस्ता धरला. त्यांनी कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं दाट, न चिकटणारं आवरण चढवलं, आणि 200 ते 500 नॅनोमीटरचे कण मानवी श्लेष्मातून जवळजवळ पाण्यातून जावेत तसे पार झाले. तेव्हापासून चिकटवावं की निसटवावं, हा वाद चालूच आहे. नाकात वरचा थर झपाट्यानं जातो आणि पेशीलगतचा पातळ थर मागे राहतो, हे लक्षात घेतलं तर निसटणाऱ्या बाजूचं म्हणणं मला जास्त पटतं. पण कायटोसानवाल्यांकडे माणसांवरचे आकडे आहेत, ते झटकून टाकता येत नाहीत.

त्यातले सगळ्यांत बोलके आकडे नॉरोव्हायरसचे. हा पोटाचा आजार, जुलाब-उलट्यांचा. विषाणूचं नुसतं प्रथिनांचं पोकळ कवच, कायटोसान आणि एमपीएल नावाचा प्रतिकारशक्तीला जागं करणारा पूरक पदार्थ, असं सगळं कोरड्या भुकटीच्या रूपात स्वयंसेवकांच्या नाकात दोनदा दिलं. नंतर त्यांना मुद्दाम जिवंत नॉरोव्हायरस पाजला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात नुसती बिनलसीची भुकटी घेतलेल्यांपैकी 69 टक्के आजारी पडले, लस घेतलेल्यांपैकी 37 टक्के. लस नाकात दिली आणि संरक्षण आतड्यात मिळालं, कारण एका अस्तरावर शिकलेल्या प्रतिकारपेशी दुसऱ्या अस्तरांकडेही जाऊन वस्ती करतात. निम्म्यापर्यंतच घट झाली म्हणून नाक मुरडणारेही होते. मला मात्र यात मोठी बातमी दिसते ती ही की निर्जीव प्रथिन, सुईविना, भुकटीच्या रूपात, माणसात खरोखर काम करून गेलं.

भुकटीचं महत्त्व आणखी एका कारणानं. बहुतेक लसींना 2 ते 8 अंश सेल्सियसच्या थंड साखळीत राहावं लागतं, कारण पाण्यात प्रथिनं हळूहळू उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. फवारून सुकवताना द्रावणाचे बारीक तुषार गरम हवेत सोडतात. हवा शंभर अंशांच्या वर असली तरी पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे थेंब स्वतः बराच थंड राहतो आणि क्षणार्धात सुकतो. सोबत ट्रेहॅलोजसारखी साखर असेल तर ती प्रथिनाभोवती काचेसारखी गोठते आणि त्याचा आकार धरून ठेवते. तरी प्रत्येक प्रथिन हा जाच सोसतंच असं नाही. म्हणून कण बनवून झाल्यावर पहिला प्रश्न कणाच्या गोलाईचा नसतो, आतल्या प्रथिनाला अँटीबॉडी अजून ओळखते का, हा असतो. सूक्ष्मदर्शकाखालचे देखणे गोळे आणि आत मेलेलं प्रथिन, हा प्रकार दुर्मिळ नाही.

आता धोक्याची बाजू. 2000 सालच्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये नाकातून द्यायची, मृत विषाणूची फ्लू लस बाजारात आली. प्रतिकारयंत्रणेला जागं करायला तिच्यात ई. कोलाय जिवाणूचं एक विष मिसळलं होतं. काही महिन्यांतच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याच्या, म्हणजे बेल्स पाल्सीच्या तक्रारी येऊ लागल्या. पुढच्या अभ्यासात लस घेतलेल्यांना तो धोका सुमारे 19 पट निघाला आणि लस कायमची गेली. नाकाच्या वरच्या भागात वासाच्या चेता थेट मेंदूकडे जातात, चेहऱ्याची चेताही फार दूर नाही. अस्तराला जागं करणारा पूरक पदार्थ चेतांनाही डिवचू शकतो, हा धडा तेव्हापासून प्रत्येक नियामकाच्या डोक्यात पक्का बसला आहे. बायोपॉलिमर कणांचं एक मोठं आकर्षण हेच, की कणाचं रूपच थोडंफार पूरक पदार्थाचं काम करतं आणि जहाल विष टाकायची गरज कमी होते.

इतके शोधनिबंध असूनही दवाखान्यापर्यंत फारसं काही का पोचत नाही? एक दोष उंदरांचा. भूल दिलेल्या उंदराच्या नाकात 50 मायक्रोलिटर टाकले तर बरंचसं फुप्फुसात ओढलं जातं, आणि मग जी झकास प्रतिक्रिया दिसते ती नाकातल्या लसीची नसतेच. जागेपणी दहा मायक्रोलिटर दिले तर आकडे एकदम खाली येतात. म्हणून असा निबंध हाती आला, की निष्कर्षाआधी किती थेंब दिले आणि भूल दिली होती का, तेवढं बघावं. दुसरा दोष मोजमापाचा. फ्लूसाठी रक्तातल्या अँटीबॉडीची एक सर्वमान्य पातळी आहे. नाकातली आयजीए किती असली म्हणजे पुरे, यावर एकमत नाही, आणि नाक धुऊन घेतलेला नमुना दर वेळी कमी-जास्त पातळ होतो. तिसरा दोष खुद्द कायटोसानचा. साखळीची लांबी आणि ॲसिटिल गट किती काढले, यावर त्याचा स्वभाव बदलतो. दोन प्रयोगशाळांनी कायटोसान वापरलं म्हणजे एकच पदार्थ वापरला असं होत नाही, आणि दर बॅच सारखी निघाल्याशिवाय लस कारखान्यात बनत नाही.

अलीकडे वारं जरा वेगळ्या दिशेनं वाहतंय. येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या गटानं 2022 मध्ये उंदरांना आधी नेहमीसारखी एमआरएनए लस टोचली आणि नंतर नाकात कोविड विषाणूच्या पृष्ठभागावरचं नुसतं स्पाइक प्रथिन सोडलं, कोणताही पूरक पदार्थ न मिसळता. सुईनं शरीर आधीच शिकलेलं होतं, त्यामुळे नाकानं त्या प्रथिनाकडे दुर्लक्ष केलं नाही. अस्तरावर आयजीए आली, स्मृतिपेशी नाकात आणि फुप्फुसात येऊन राहिल्या, आणि विषाणूचा घातक डोस देऊनही उंदीर वाचले. त्याच कामात विघटनशील पॉलिमरच्या कणांत भरलेला एमआरएनएही नाकावाटे देऊन पाहिला, तोही चालला. या मांडणीत कणानं सगळं एकट्यानं करायची गरज उरत नाही. शिकवणं सुईकडे, नाकापर्यंत बोलावणं कणाकडे. आणि ज्या जगात बहुतेकांनी एखादी लस घेतलेली आहे किंवा आजार काढलेला आहे, तिथं नाकातून द्यायचा बूस्टर हीच या कणांसाठी सगळ्यांत जवळची जागा दिसते.